मोटारीची जन्मपत्रिका



शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एका जुन्या अमेरिकन मोटारीचा विषय निवडला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. अशा व्यासपीठावरून संतसाहित्य, शिक्षण वा समाजकारण यांवर बोलण्याचा प्रघात आहे. तथापि इतिहासाची साधने कोणती, हा प्रश्नही शाळेचाच आहे. सनदा, ताम्रपट आणि बखरी यांवरून आपण मागील शतकांचा इतिहास लिहितो. विसाव्या शतकाचा इतिहास लिहावयाचा तर यंत्रांची कागदपत्रेही वाचता आली पाहिजेत. माझा मोटारींशी संबंध व्यवसायाचा नाही. जुनी दप्तरे वाचण्याच्या छंदातून मी या विषयाकडे वळलो, आणि एका साध्या प्रश्नाने मला धरून ठेवले. ज्या कारखान्याला कुलूप लागून ऐंशीहून अधिक वर्षे झाली, त्या कारखान्याच्या किती गाड्या आज जगात शिल्लक आहेत, हे कोणी आणि कसे सांगू शकते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक पद्धत आहे. ती प्रथम आपल्यापुढे मांडतो. नंतर तीच पद्धत बेळगाव-निपाणीच्या आपल्या मुलखाला लावली तर काय हाती लागते आणि काय निसटते, ते सांगतो.

उघड्या टपाची गाडी

आरंभी दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. मोटारीच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत बहुतेक गाड्या उघड्याच असत. घोडागाडीचीच ती परंपरा होती. वर कापडी टप, तोही घडी घालून मागे टाकता येणारा; बाजूला काचा नाहीत, पाऊस आला की पडदे बांधावयाचे. चार-पाच जण बसतील अशा या गाडीला ‘टूरर’ किंवा ‘फीटन’ म्हणत. दोघांपुरत्या गाडीला ‘रोडस्टर’. अमेरिकेत १९१९ च्या सुमारास दहापैकी नऊ गाड्या उघड्या होत्या. पुढील दहा वर्षांत हे प्रमाण नेमके उलटले. पोलादी छपराच्या बंद गाड्या स्वस्त झाल्या आणि उघडी गाडी ही गरजेची न राहता हौसेची वस्तू ठरली. याच संक्रमणातून ‘कनव्हर्टिबल’ जन्मली. तिचा टप कापडी व दुमडणारा, पण दारांत वर-खाली होणाऱ्या काचा. म्हणजे हवी तेव्हा उघडी आणि हवी तेव्हा बंद.

याचा आपल्या शोधाशी निकटचा संबंध आहे. कापडी टपाची गाडी पावसात कुजते, तिचा लाकडी सांगाडा वाळवी खाते, आणि फॅशन बदलली की मालकच तो भाग कापून टाकतो. त्यामुळे त्या काळातील उघड्या गाड्यांपैकी मूळ रूपात टिकलेल्या फार थोड्या. ज्या टिकल्या त्यांच्या टिकण्याला काही कारण असते, आणि ते कारण शोधणे हा अभ्यासाचा एक भाग आहे.

ड्यूसेनबर्ग बंधू आणि त्यांची ‘मॉडेल जे’

उदाहरणासाठी मी निवडलेली गाडी म्हणजे अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘मॉडेल जे’. फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग बंधू जर्मनीत जन्मले व बालपणीच अमेरिकेत आले. शर्यतीच्या गाड्यांनी त्यांचे नाव झाले. १९२१ साली फ्रान्समधील ग्रां प्री शर्यत त्यांच्या गाडीने जिंकली. १९२४, १९२५ व १९२७ या वर्षांची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही त्यांच्याच गाड्यांनी जिंकली. धंद्याच्या हिशेबात मात्र दोघे कच्चे. १९२६ साली ई. एल. कॉर्ड या उद्योजकाने त्यांची कंपनी विकत घेतली आणि फ्रेड यांना सांगितले की, खर्चाचा विचार न करता जगातील उत्तमोत्तम गाडी तयार करा.

ती गाडी १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. एका रांगेत आठ सिलिंडर, ६.९ लिटरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती. १९३२ मध्ये तिला हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसवून ‘एसजे’ हा प्रकार आला. त्याची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. त्याच वर्षी मोटार अपघातात झालेल्या दुखापतींमुळे फ्रेड यांचे निधन झाले. १९३७ मध्ये कॉर्ड यांच्या मोटार उद्योगाबरोबर हा कारखानाही बंद पडला.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. ड्यूसेनबर्ग कंपनी ग्राहकाला पूर्ण गाडी क्वचितच विकत असे. ती विकत असे चेसिस, म्हणजे चाके, इंजिन व सांगाडा. या नुसत्या चेसिसची किंमत प्रारंभी ८,५०० डॉलर होती; त्या काळी साधी फोर्ड गाडी सुमारे पाचशे डॉलरला मिळे. चेसिसवर बॉडी बांधण्याचे काम ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडे सोपवी. कॅलिफोर्नियात पॅसाडीना येथील मर्फी कंपनीने ‘मॉडेल जे’वर सर्वांत जास्त बॉड्या बांधल्या आणि त्यांतील कनव्हर्टिबल विशेष गाजल्या. अशा रीतीने एकाच गाडीचे दोन जनक झाले, आणि तिची माहितीही दोन ठिकाणच्या वह्यांत विखुरली.

इंदूरच्या होळकरांची गाडी

ही परदेशातली कथा आपल्या मराठी मनाला जवळची वाटावी असा एक दुवा तिच्यात आहे. नीराकाठच्या होळ गावावरून ज्यांचे आडनाव पडले, त्या होळकर घराण्याचे इंदूरचे महाराज यशवंतराव (दुसरे) यांनी अशीच एक ‘एसजे’ गाडी घेतली होती. यशवंतरावांचा जन्म १९०८ चा. १९२६ मध्ये तुकोजीराव (तिसरे) यांनी गादी सोडल्यावर ते गादीवर आले. शिक्षण इंग्लंडात झालेले, आणि अभिरुची आधुनिक. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून सजवून घेतला आणि ब्रांकुसीसारख्या शिल्पकाराच्या कलाकृती विकत घेतल्या. मोटारींच्या बाबतीतही त्यांची निवड अशीच चोखंदळ होती.

१९३५ ची ही ड्यूसेनबर्ग चेसिस अमेरिकेतून लंडनला गेली आणि तेथील जे. गर्नी नटिंग या नामांकित कारागिरांनी तिच्यावर दोन माणसांची उघडी ‘स्पीडस्टर’ बॉडी चढवली. चाकांमधील अंतर साडेत्रेपन्नावर शंभर, म्हणजे १५३.५ इंच. सहा-सात माणसांच्या राजेशाही गाडीसाठी योजलेल्या या लांबलचक चेसिसवर अवघ्या दोघांची बैठक, अशी ही जोडणी होती. आज ही गाडी अमेरिकेत असून नारिंगी आणि काळ्या रंगांत पाहावयास मिळते. एका अमेरिकन कारखान्याचे इंजिन, एका इंग्रज कारागिराची बॉडी आणि एका मराठी संस्थानिकाची मालकी असा तिचा तिहेरी वंश आहे. यांपैकी एकही दुवा ज्याला ठाऊक नाही त्याला ही गाडी नुसती देखणी वाटेल. पण ती ‘कोणती’ गाडी आहे, हे सांगता येणार नाही.

गणना कशी झाली

‘मॉडेल जे’ एकूण ४८१ बनल्या असा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो, आणि त्यांपैकी पावणेचारशेच्या आसपास आजही शिल्लक आहेत असे अभ्यासक मानतात. म्हणजे दर पाचांतील जवळजवळ चार टिकल्या. दीड कोटी बनलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’संबंधी इतके नेमके विधान कोणी करू शकणार नाही. मग हे ड्यूसेनबर्गच्या बाबतीत कसे साधले?

पहिले कारण क्रमांकांचे. प्रत्येक इंजिनावर ‘जे’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक कोरलेला असे व तो जे-१०१ पासून पुढे चालू होई. चेसिसला आणि चालकापुढील पोलादी भिंतीवरच्या पट्टीला २ या अंकाने सुरू होणारा चार अंकी क्रमांक असे. सिनेनट गॅरी कूपर यांच्या आखूड चेसिसच्या ‘एसएसजे’ गाडीचे इंजिन जे-५६३ होते. अशा केवळ दोनच गाड्या बनल्या. दुसरी क्लार्क गेबल यांच्याकडे गेली. कूपर यांची गाडी २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात २ कोटी २० लाख डॉलरांना गेली. एवढी किंमत येण्यात त्या क्रमांकांमागच्या अखंड पुराव्याचा वाटा मोठा होता.

दुसरे कारण माणसांचे. कारखाना मिटल्यावर जुन्या गाड्यांचे भाव कोसळले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास काही शे डॉलरांना ड्यूसेनबर्ग मिळे, आणि पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या भंगारातही जात. अशा वेळी काही हौशी मंडळींनी वह्या उघडल्या. १९५१ मध्ये जे. एल. एल्बर्ट यांचे या गाडीवरील पुस्तक आले. १९५२ मध्ये ऑबर्न, कॉर्ड व ड्यूसेनबर्ग या तिन्ही गाड्यांच्या चाहत्यांनी मंडळ स्थापले. विस्कॉन्सिनमधील रे वुल्फ यांनी तर प्रत्येक गाडीची स्वतंत्र नोंद ठेवून मूळ मालकापासून शेवटच्या मालकापर्यंत माग काढण्याचे काम आयुष्यभर केले. १९७४ मध्ये इंडियाना राज्यातील ऑबर्न गावी, कंपनीच्या जुन्या इमारतीतच, संग्रहालय उघडले. ही मंडळी सरकारी नव्हती आणि बहुतेक पदवीधर इतिहासकारही नव्हती. पत्रे लिहिणे, उत्तराची वाट पाहणे, छायाचित्राच्या मागील बाजूवरचा मजकूर उतरवून घेणे, असे त्यांचे काम चाले.

या पद्धतीचे टप्पे थोडक्यात असे. आधी किती गाड्या बनल्या याची यादी करावयाची. मग प्रत्येक क्रमांकासमोर पहिला मालक, विक्रीचे गाव व वर्ष लिहावयाचे. त्यानंतर प्रत्यक्ष गाडीवरचे क्रमांक वाचून ते यादीशी ताडावयाचे. शेवटी मधली रिकामी वर्षे नोंदणीचे कागद, विम्याच्या पावत्या, वर्तमानपत्रे व छायाचित्रे यांनी भरून काढावयाची. जिथे साखळी तुटते तिथे ‘तुटली’ असे स्पष्ट लिहून ठेवावयाचे. हा शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण तर्काने भरलेली रिकामी जागा पुढच्या पिढीला पुरावा म्हणून दिसू लागते.

‘तीच गाडी’ म्हणजे काय?

गणनेत खरी अडचण वेगळीच येते. एका गाडीचे इंजिन बिघडले म्हणून दुसरीचे बसवले. तिसरीची बॉडी आवडली म्हणून चौथीच्या चेसिसवर चढवली. ड्यूसेनबर्गच्या बाबतीत १९३० व १९४० च्या दशकांत हे सर्रास घडले, कारण बॉडी बोल्ट काढून उचलता येत असे आणि विक्रेत्यांना बंद गाडीपेक्षा उघडी गाडी अधिक किमतीला विकता येत असे. ‘एसजे’ची ओळख मानल्या गेलेल्या, इंजिनाच्या बाजूने बाहेर येणाऱ्या चकचकीत नळ्याही पुढे अनेकांनी साध्या ‘जे’ गाड्यांना लावून घेतल्या. म्हणून केवळ नळ्या पाहून ‘ही एसजे’ असे म्हणणारा माणूस फसतो.

एक उदाहरण सांगतो. १९३५ साली एबी जेंकिन्स यांनी युटा राज्यातील बॉनविलच्या मिठाच्या पठारावर एक खास ‘एसजे’ चोवीस तास ताशी १३५ मैलांहून अधिक सरासरीने धावडवली. पुढे तिच्यात कर्टिस कंपनीचे विमानाचे इंजिन बसवले गेले, आणि नंतर पुन्हा ड्यूसेनबर्ग इंजिन आले. ‘मॉर्मन मीटिअर’ या नावाने ती ओळखली जाते. कालांतराने ती १९३५ च्या रूपात पुन्हा उभी केली गेली आणि २००७ मध्ये पेबल बीच येथील प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरली. विमानाचे इंजिन असतानाच्या काळात ती ड्यूसेनबर्ग होती की नव्हती?

यावर तोडगा म्हणून चाहत्यांच्या मंडळाने गाड्यांची तपासणी करून श्रेणी ठरवण्याची पद्धत सुरू केली. ज्या गाडीची चेसिस, इंजिन व बॉडी हे प्रमुख भाग जन्मापासून एकत्र आहेत ती पहिल्या श्रेणीत. ज्यांत बदल झाले त्या त्या बदलांच्या नोंदीसह पुढील श्रेणींत. बदललेली गाडी खोटी ठरवली जात नाही. तिचा बदल लपवला तरच तो खोटेपणा ठरतो. हा विवेक मला आपल्या इतिहासलेखनालाही लागू पडणारा वाटतो.

आपल्या मुलखात

आता अमेरिकेतून पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊ. कागल, निपाणी, संकेश्वर, बेळगाव अशी गावे जोडणारा हा रस्ता. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात मुंबई इलाख्यातील अशा रस्त्यांवर खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावत, आणि त्यांत अमेरिकन बनावटीच्या गाड्यांचा भरणा मोठा असे. भक्कम, जमिनीपासून उंच व दुरुस्तीला सोप्या असल्याने आपल्या कच्च्या रस्त्यांना त्या मानवत. १९२८ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली व शेव्हरलेट हे नाव गावोगाव पोहोचले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायसलर गटाच्या गाड्या जुळवल्या. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर विलीज जीप आणली, आणि कापडी टपाची हीच गाडी शेतीच्या व राजकारणाच्या वाटांवर सर्वांत जास्त रुळली. १९५३ नंतर सरकारी धोरण बदलले. जे कारखानदार गाडीचे भाग येथेच बनवण्यास तयार नव्हते त्यांना जुळणीची मुभा राहिली नाही, आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने येथील काम थांबवले. त्यानंतर नवी अमेरिकन गाडी हा आपल्याकडे अपवाद झाला. म्हणून आपल्या भागात एखाद्या वाड्याच्या ढेलजेत किंवा तंबाखूच्या जुन्या वखारीत अशी गाडी निघाली, तर ती बहुधा त्या पंचवीस-तीस वर्षांतली असते.

अशा गाडीकडे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरचे लोक ‘अमेरिकन गाडी’ म्हणतात, परंतु पट्टीवर कॅनडाचे नाव आढळू शकते. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना कॅनडातून येणाऱ्या मालावर जकातीची सवलत मिळे. म्हणून फोर्ड कंपनी हिंदुस्थानासाठी ऑन्टारिओ प्रांतातील आपल्या कॅनेडियन शाखेतून गाड्या धाडीत असे, आणि उजव्या हाताच्या चालकाच्या गाड्याही तेथूनच येत. पट्टीवर ‘कॅनडा’ दिसले म्हणून गाडी बनावट ठरत नाही. उलट ती मूळचीच आपल्या देशासाठी बनली होती, याचा तो पुरावा होऊ शकतो.

खरी गुंतागुंत कागदांची आहे. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, पण त्याच्या अवतीभवती कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावंतवाडी अशी संस्थाने होती आणि त्यांचा कारभार वेगळा होता. १९४८ मध्ये दक्षिणी संस्थाने व १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. मोटारींचे कायदेही १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीन झाले. परिणामी एकच गाडी जागची न हलता तिच्यावरची अक्षरे बदलू शकत होती. मुंबई राज्यातील मालिका ‘बी’ने सुरू होत, म्हैसूरच्या ‘एमवाय’ने, कर्नाटकात पुढे ‘सी’ने सुरू होणाऱ्या मालिका आल्या, आणि १९८९ नंतर बेळगावला के.ए. २२, चिकोडीला के.ए. २३ व कोल्हापूरला एम.एच. ०९ हे संकेत मिळाले. निपाणीची गाडी रोज कागलला जाऊन आली तरी तिचा क्रमांक बदलत नाही. परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर मात्र तेथील क्रमांक घ्यावा लागतो. सीमेवरच्या कुटुंबांत लग्न, वाटणी व व्यापार हे सर्व सीमेपलीकडे पसरलेले असल्याने असे बदल येथे अधिक घडतात.

म्हणून पाटीवरच्या क्रमांकावरून आपल्या भागातील जुन्या गाडीचा माग काढू पाहणारा अभ्यासक लवकरच थांबतो. शेवटपर्यंत साथ देतात ते चेसिस आणि इंजिन यांवर कोरलेले क्रमांक, आणि हे क्रमांक ज्या कागदावर मालकाच्या नावासह एकत्र लिहिलेले असतात तो कागद म्हणजे नोंदणीचे पुस्तक, आपण ज्याला आर.सी. बुक म्हणतो ते. गाडीच्या बाबतीत तेच जन्मपत्रिका असते. सीमाभागातील काही घरांत मला अशी पुस्तके पाहावयास मिळाली. मालकी बदलाच्या नोंदींची पाने एकामागून एक उलटताना तीन राज्यांचे शिक्के आणि इंग्रजी, मराठी व कन्नड अशा तीन भाषांतील सह्या एकाच पुस्तकात दिसतात. एखाद्या ताम्रपटाइतकेच ते बोलके असते. दुर्दैवाने गाडी भंगारात जाते तेव्हा हे पुस्तकही रद्दीत जाते.

येथे आपण ड्यूसेनबर्गच्या अगदी उलट टोकाला उभे आहोत. त्यांच्याकडे कारखान्याची यादी होती आणि गाड्या हरवत होत्या. आपल्याकडे अधूनमधून गाडी सापडते, पण यादी मुळी केलेलीच नाही. ती करण्याची मुदतही अमर्याद नाही. ज्यांनी हॅन्डल फिरवून गाडी सुरू केली, ज्यांना कोणत्या साली कोणाकडून ती घेतली हे आठवते, ती पिढी आपल्यातून झपाट्याने जात आहे.

आपण काय करू शकतो

या सभागृहात व्यापारी, शेतकरी, वकील, शिक्षक, कारागीर अशा सर्व क्षेत्रांतील माजी विद्यार्थी बसले आहेत. त्यांना माझी विनंती लहानशीच आहे. ज्यांच्या घरी जुनी गाडी, जीप वा नुसते आर.सी. बुक असेल त्यांनी प्रथम ते फेकू नये. गाडीवरील पट्टी घासून चकचकीत करू नये आणि तिच्यावर रंग मारू नये. पुसट अंक त्या घासण्यातच नाहीसे होतात. आर.टी.ओ. कार्यालयात चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतात, हे आपण पाहिले असेल. तसाच ठसा घरीही घ्यावा, त्यावर तारीख घालावी आणि घेणाऱ्याने सही करावी. गाडीसमोर काढलेले लग्नाचे वा दसऱ्याचे छायाचित्र असेल तर त्यातील माणसांची नावे मागे लिहून ठेवावीत. वडीलधाऱ्यांची आठवण लिहून घेताना त्यांनी स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे वेगळे लिहावे.

कायद्यानेही आता या जतनाला एक वाट दिली आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे वा देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. आपल्या भागातील मालकांना माझा सल्ला असा की, ज्यांचा जुना क्रमांक अद्याप टिकून आहे त्यांनी तो सोडू नये. त्या दोन-तीन अक्षरांत आपल्या मुलखाच्या प्रशासनाचा एक अध्याय साठलेला आहे.

शाळेपुरते बोलावयाचे तर ग्रंथालयात एक साधी नोंदवही ठेवता येईल. प्रत्येक पानावर एक वाहन. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, आजवरच्या पाट्यांचे क्रमांक, गाव, पाहिल्याची तारीख आणि पाहणाऱ्याची सही. मालकाची संमती असेल तरच नाव लिहावे. घरोघरच्या मालमत्तेचा हा प्रश्न आहे, याचे भान ठेवावे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना इतिहासाचे हे प्रात्यक्षिक सहज करता येईल. अंक नीट उतरवणे, शंका असेल तेथे प्रश्नचिन्ह घालणे आणि ऐकीव गोष्ट पुराव्यापासून वेगळी ठेवणे या तीन सवयी त्यातून लागल्या, तरी व्याख्यानमालेचा एक हेतू सफल झाला असे मी मानीन.

होळकरांच्या गाडीची हकीकत आज आपल्याला सांगता येते, कारण सातासमुद्रापलीकडच्या काही अनोळखी माणसांनी तिचे क्रमांक, तिच्या कारागिराचे नाव व मालकाचे नाव चिकाटीने लिहून ठेवले. मराठी संस्थानिकाच्या त्या गाडीचा इतिहास अमेरिकेतील वहीत सुरक्षित राहिला. निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगावच्या गल्लीतील एखाद्या शेव्हरलेटचा वा जीपचा इतिहास मात्र दुसरे कोणी लिहिणार नाही. तो आपल्यालाच लिहावा लागेल, आणि त्यासाठी लागणारे कागद अजून काही घरांत आहेत.

ज्या गुरुजनांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीने आपल्याला वही नीटनेटकी ठेवावयास शिकवले. ते शिक्षण या कामी उपयोगी पडो.